कबिनीच्या काठावर

हत्ती पाहिला नाही असे मूल आपल्या देशात क्वचितच सापडेल. कोणी तो देवळाच्या दारात पाहिलेला असतो, कोणी मिरवणुकीत, तर कोणी प्राणिसंग्रहालयात. मीही लहानपणी तो तसाच पाहिला. आमच्या गावच्या जत्रेत एक हत्तीण येत असे. कपाळावर रंगीत नक्षी, पाठीवर झूल, गळ्यात घंटा. आणि मागच्या पायात जाड लोखंडी साखळी. आम्ही मुले तिला केळी देत असू आणि ती सोंड उंचावून आम्हांला सलाम करीत असे. त्या सलामाचे आम्हांला मोठे कौतुक वाटे. एके दुपारी जत्रेतील गर्दी ओसरल्यावर मी तिला एकटीच उभी असलेली पाहिली. समोर कोणी नसतानाही ती एकाच जागी उभी राहून डावीउजवीकडे सारखी डुलत होती. मला वाटले, ती आनंदाने डुलत आहे. बांधून ठेवलेले हत्ती असे डुलतात, रानातले हत्ती असे तासन् तास डुलत नाहीत, हे मला फार वर्षांनी समजले. तेव्हापासून, पायात साखळी नसलेला हत्ती एकदा तरी डोळे भरून पाहावा, अशी इच्छा माझ्या मनात घर करून राहिली.

काही वर्षांपूर्वी एका एप्रिल महिन्यात तो योग आला. म्हैसूरहून सकाळी निघून मी कबिनी नदीच्या काठी जाऊन पोहोचलो. ही नदी केरळातील वायनाडच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावते आणि कर्नाटकात शिरून पुढे कावेरीला मिळते. १९७४ साली बीचनहळ्ळी येथे तिच्यावर धरण पुरे झाले. धरणाच्या मागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला, त्याच्या उत्तरेस नागरहोळेचे अरण्य आहे आणि दक्षिणेस बंडीपूरचे. मधल्या पाण्याने ही दोन अरण्ये वेगळी केली आहेत. आणि उन्हाळ्यात हेच पाणी दोन्हीकडच्या प्राण्यांना एकत्र आणते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात रानात सगळीकडे पाणी असते, चारा असतो. त्यामुळे हत्तींचे कळप दूरदूर पांगलेले असतात. हिवाळा सरला की ओढे आटू लागतात, गवत करपते, झाडांची पाने गळतात. त्याच सुमारास शेतीसाठी पाणी सोडल्यामुळे जलाशयही ओसरू लागतो. पाणी मागे सरते तसतशी काठावरची ओली, गाळाची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर कोवळे गवत उगवते. अशा रीतीने रान वाळू लागते तेव्हा तळ्याचा काठ हिरवा होतो. मोठ्या हत्तीला दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा आणि शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. मग ज्या वाटा त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी दाखवून दिल्या, त्या वाटांनी चालत कळपांमागून कळप या काठावर येतात. ऐन उन्हाळ्यात येथे शेकडो हत्ती जमतात. आशियातील हत्तींचा एवढा मोठा मेळावा जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो.

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही नावेतून निघालो. नावेत आम्ही बारा प्रवासी होतो. वाट दाखविणारे गृहस्थ साठीच्या घरातले होते. ते जेनू कुरुब या वनवासी समाजातले. कानडीत ‘जेनू’ म्हणजे मध. रानातील मध गोळा करणारे आणि हत्तींच्या संगतीत वाढलेले लोक म्हणून हा समाज त्या भागात प्रसिद्ध आहे. सारे त्यांना ‘अण्णा’ म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो. अण्णा मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत आणि तेही फार थोडे. नाव सुटण्यापूर्वी त्यांनी आम्हांला एवढेच सांगितले, “उभे राहू नका. मोठ्याने बोलू नका. आपण त्यांच्या घरी चाललो आहोत.”

जलाशयात बुडालेल्या जुन्या झाडांची वठलेली खोडे जागोजाग पाण्याबाहेर उभी होती. त्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसले होते. काठावर चितळांचे कळप चरत होते. ऊन एवढे कडक होते की पाण्यावरून येणारा वाराही गरम लागत होता. सुमारे तासाभराने अण्णांनी हात वर केला. नावाड्याने यंत्र बंद केले आणि आमची नाव हळूहळू स्थिर झाली.

प्रथम काहीच दिसले नाही. मग बांबूच्या बेटाआडून एक करडी सावली पुढे सरकली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पाहता पाहता नऊ हत्ती उघड्यावर आले. परंतु एवढ्या अवजड जनावरांच्या पावलांचा आवाज म्हणून झाला नाही. हत्तीच्या तळव्यात चरबीची जाड, मऊ गादी असते. तिच्यामुळे त्याचे पाऊल अलगद पडते. सर्वांत पुढे एक वयस्क हत्तीण होती. तिच्या उजव्या कानाची कड फाटलेली होती. सर्वांत मागे, दोन हत्तिणींच्या मधोमध, एक लहानसे पिल्लू दुडदुडत चालले होते. ते आईच्या पोटाखालून सहज जाईल एवढेच उंच होते. कळप पाण्यापासून पन्नास पावलांवर आला आणि थांबला. फाटक्या कानाच्या हत्तिणीने सोंड उंच करून वाऱ्याचा वास घेतला. पिल्लू मात्र पाणी दिसताच पुढे धावू लागले.

आणि त्याच क्षणी माझ्या हातून चूक घडली. इतक्या वर्षांची इच्छा पुरी होत होती. पिल्लाचे छायाचित्र मिळावे म्हणून मी भान विसरून उभा राहिलो आणि “अरे, पिल्लू बघा, पिल्लू!” असे मोठ्याने ओरडलो. नाव हेलकावली. कोणाची तरी पाण्याची बाटली खडखडत फळीवर पडली.

फाटक्या कानाच्या हत्तिणीने दोन्ही कान फैलावले आणि ती सरळ आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. क्षणार्धात सारा कळप एकवटला. पिल्लू मोठ्या पायांच्या भिंतीआड दिसेनासे झाले. पाऊण मिनिटही गेले नसेल, कळप माघारी वळला आणि आला तसाच बांबूच्या बेटाआड नाहीसा झाला. पाण्याला एकाचीही सोंड लागली नव्हती.

अण्णा मला रागावले नाहीत. ते बराच वेळ त्या रिकाम्या काठाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “रात्री येतील ते पाणी प्यायला. पण दिवसभर उन्हात चालून आलेले पोर आहे. आणखी काही तास तहानलेले राहील.”

परतताना नावेत कोणीच बोलले नाही.

रात्री जेवण झाल्यावर अण्णा विस्तवाजवळ बसले होते. मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, “अण्णा, आज माझे चुकले.” त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि मग, न विचारताच, एक हकीकत सांगितली.

“साहेब, आज जेथे आपली नाव फिरली, तेथे पूर्वी काकनकोटेचे रान होते. त्या रानात खेद्दा होत असे.”

खेद्दा म्हणजे रानटी हत्तींचे कळपच्या कळप पकडण्याची जुनी रीत. म्हैसूर संस्थानात १८७४ साली सँडर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती यशस्वी करून दाखविली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तेथे अधूनमधून खेद्दे होत राहिले. मोठमोठे पाहुणे ते पाहण्यासाठी मुद्दाम येत. शेकडो माणसे ढोल बडवीत, मशाली पेटवीत, आरडाओरडा करीत कळपाला चहूबाजूंनी घेरीत. शिकविलेले हत्तीही त्यांच्या मदतीला असत. भ्यालेला कळप नदीच्या पाण्यात लोटला जाई आणि पलीकडच्या काठावर लाकडी ओंडक्यांच्या भक्कम कुंपणात अडकविला जाई. मग एकेका हत्तीला दोरांनी जखडून कळपापासून वेगळे करीत. कोणी लाकडे ओढण्याच्या कामी लागे, कोणी मिरवणुकीत, कोणी देवळात. या रानातला शेवटचा खेद्दा १९७१ साली झाला.

“मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन,” अण्णा म्हणाले. “माझे वडील ढोल वाजविणाऱ्यांत होते. आम्हां मुलांना ती मोठी जत्राच वाटत होती. पण रात्री कुंपणातून एक हत्तीण सारखी हाका मारीत होती. तिचे पिल्लू वेगळे बांधले होते. माझी आई त्या रात्री जेवली नाही.” ते थोडे थांबले. “त्या वेळी आम्ही आवाज करून हत्तींना पाण्यात लोटीत होतो. आज तुम्ही आवाज करून त्यांना पाण्यापासून लोटलेत. एवढाच फरक. तुम्ही मुद्दाम केले नाही, हे मला ठाऊक आहे. पण भ्यालेल्या हत्तीला ते कसे कळणार?”

मला जत्रेतली हत्तीण आठवली. तिचा सलाम आठवला आणि तिचे ते डुलणेही आठवले. तिला कोठे पकडले होते हे मला ठाऊक नव्हते. परंतु तीही कधीतरी कोणाच्या दोन पायांच्या मधून पाण्याकडे धावली असेल, असे वाटून गेले. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा नावेत बसलो. या वेळी कोणाला काही सांगावे लागले नाही. अण्णांनी नाव काठापासून चांगल्या अंतरावर, एका वठलेल्या झाडापाशी थांबविली. पाच वाजले, साडेपाच झाले, तरी काठ रिकामाच. कळप येतच नाही असे पाहून माझा जीव खालीवर होऊ लागला. आपल्यामुळे त्याने ही वाटच सोडली की काय, अशी शंका मनाला टोचू लागली.

एवढ्यात अण्णांनी नुसती मान हलविली. बांबूच्या बेटाआडून फाटका कान बाहेर आला होता.

ती थांबली. तिने सोंड वर करून हवा हुंगली, पुन्हा हुंगली. हत्तीची दृष्टी फारशी तीक्ष्ण नसते. परंतु त्याचे नाक असामान्य असते. आम्ही तेथे आहोत हे तिला निश्चितच कळले असावे. तिच्यामागे सारा कळप वाट पाहत उभा होता. हत्तींच्या कळपात हिशेब असतो तो वयाचा आणि अनुभवाचा. कळप असतो हत्तिणींचा आणि त्यांच्या पिल्लांचा. आणि त्याची पुढारी असते बहुधा सर्वांत वयस्क हत्तीण. नर वयात आले की कळप सोडून एकटे किंवा दोघेतिघे मिळून हिंडतात. दुष्काळात पाणी कोठे राहते, कोणत्या वाटेवर धोका आहे, हे सारे त्या म्हातारीच्या स्मरणात साठविलेले असते. ती गेली तर कळपाचे जणू पुस्तकच हरवते.

आम्ही श्वास रोखून बसलो होतो. अखेर तिने कान सैल सोडले आणि ती पाण्याकडे चालू लागली. तिच्यामागून सारा कळप उतरला.

पिल्लू सर्वांत आधी पाण्याशी पोहोचले; पण त्याला सोंडेने पाणी पिता येईना! सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ यांचा मिळून झालेला अवयव. तिच्यात एकही हाड नसते; नुसते स्नायूच. ती कशी वापरावी हे पिल्लाला हळूहळू शिकावे लागते. या पिल्लाने सोंड पाण्यात बुडविली, इकडे तिकडे हलविली, आपल्याच पायाखाली घेतली आणि शेवटी कंटाळून गुडघे टेकून सरळ तोंडाने पाणी प्यायला सुरुवात केली. ते घटाघट पीत होते. पोटभर पाणी पिऊन ते उठू लागले तेव्हा चिखलावरून त्याचा पाय घसरला. त्याची आई थोडी दूर होती. पण शेजारच्या दुसऱ्या हत्तिणीने सोंड त्याच्या पोटाखाली घातली आणि त्याला अलगद उभे केले. कळपातले पिल्लू एकट्या आईचे नसते. मावश्या, आज्या, बहिणी सर्व मिळून त्याला सांभाळतात. हत्तिणीला एका पिल्लासाठी वीस-बावीस महिने गर्भभार वाहावा लागतो. म्हणून एकेक पिल्लू म्हणजे सबंध कळपाचे धन असते.

पाणी पिऊन झाल्यावर मोठ्यांनी अंगावर चिखल उडवून घेतला आणि मग सोंडेने कोरडी माती पाठीवर टाकली. उन्हापासून आणि माश्यांपासून कातडीचे रक्षण करण्याचा हा त्यांचा उपाय. थोड्या वेळाने पलीकडून दुसरा कळप आला. दोन्ही कळपांतील हत्तिणी एकमेकींजवळ गेल्या. त्यांनी एकमेकींच्या तोंडाला सोंडा लावल्या. एक खोल, घुमणारा आवाज आमच्या कानांवर आला आणि विरला. जो ऐकू आला तो त्यांच्या बोलण्याचा थोडासा भाग असेल. १९८४ साली कॅटी पेन या अमेरिकन संशोधिकेला एका प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना हवेत विलक्षण कंप जाणवला. पुढे तपास करता आढळले की, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या अतिशय खालच्या पट्टीच्या आवाजात हत्ती एकमेकांशी बोलतात. आणि हा आवाज रानात कित्येक किलोमीटर दूर जातो. आम्हांला ते रान शांत वाटत होते. पण त्या शांततेत किती बोलणी चालली होती, कोण जाणे!

सूर्य झाडांमागे गेला. म्हातारी वळली आणि तिच्यामागून सारे वळले. पिल्लू आईची शेपटी सोंडेने धरू पाहत होते. ते बेटाआड दिसेनासे झाल्यावरच आम्ही बोललो. विशेष असे काहीच घडले नव्हते. एका तहानलेल्या पिल्लाला पाणी मिळाले होते, एवढेच. परंतु आजवरच्या प्रवासात मला याहून मोठे असे काही पाहावयास मिळालेले नाही. निघताना मी अण्णांना नमस्कार केला. ते हसून म्हणाले, “आज तुम्ही हत्ती पाहिलात, साहेब. काल तुम्ही फक्त छायाचित्र पाहत होतात.”

हत्तीला मोकळे ठेवावयाचे, तर नुसती साखळी काढून भागत नाही. त्याला रान हवे, पाणी हवे आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याची वाट हवी. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७७ साली हत्तीला त्यात सर्वांत कडक संरक्षण मिळाले. २०१० साली हत्ती हा आपला राष्ट्रीय वारसा प्राणी ठरला. तरीही जुन्या वाटांवर रस्ते, लोहमार्ग, शेते आणि वस्त्या होत आहेत. वाट तुटली की हत्ती शेतात शिरतो आणि मग दोघांचेही हाल होतात. आपल्या महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. २००२ साली कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातही त्यांचा वावर सुरू झाला. त्यांनी केळी, नारळ, ऊस, भात यांची नासाडी केली. काही माणसांचे प्राणही गेले. वर्षभर कष्टून वाढविलेली बाग एका रात्रीत मोडलेली पाहणाऱ्या शेतकऱ्याला हत्तीचे कौतुक कसे वाटावे? त्याचे दुःख खरे आहे आणि हत्तीची भूकही खरी आहे. या दोहोंचा मेळ घालणे हे कठीण काम आहे. त्याला कायदा हवा, पैसा हवा, शास्त्रज्ञांचे ज्ञान हवे आणि रानाशेजारी राहणाऱ्या माणसांचा सहभागही हवा.

मुलांनो, तुम्हीही कधीतरी हत्ती पाहावयास जाल. तेव्हा दूर थांबा, गप्प बसा आणि वाट पाहा. हत्ती तुम्हांला सलाम करणार नाही. तो तुमच्याकडे पाहणारसुद्धा नाही. तो आपल्या पिल्लाला पाणी पाजील आणि आपल्या वाटेने निघून जाईल. तसा तो गेला, तर समजा की तुम्ही त्याला खरोखर पाहिले.

अभ्यास

शब्दार्थ : झूल – हत्तीच्या पाठीवर घालावयाचे शोभिवंत वस्त्र, वठलेले – वाळून गेलेले (झाड), बेट – (येथे) बांबूंचा दाट पुंजका, ओंडका – झाडाचा जाड, तोडलेला तुकडा, कंप – थरथर.

प्रश्न :

१. उन्हाळ्यात कबिनीच्या काठावर हत्ती का जमतात?
२. खेद्द्याची रीत थोडक्यात सांगा.
३. कळपात वयस्क हत्तिणीला एवढे महत्त्व का असते?
४. “आज तुम्ही हत्ती पाहिलात, साहेब. काल तुम्ही फक्त छायाचित्र पाहत होतात,” असे अण्णा का म्हणाले?
५. ‘त्याचे दुःख खरे आहे आणि हत्तीची भूकही खरी आहे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करून राहणे, भान विसरणे, जीव खालीवर होणे, मेळ घालणे.

उपक्रम : आपल्या गावाजवळील एखादा पक्षी किंवा प्राणी त्याला न बिचकविता अर्धा तास पाहा आणि जे दिसले ते दहा ओळींत लिहा.